अमेरिकेतला सिव्हिलचा गाईड आणि तुटलेला सिलिंडर

सिव्हिलच्या एमएसला अमेरिकेत आलेल्या आपल्या मुलांची एक हमखास गफलत काँक्रीटमध्ये होते. आपल्याकडे ताकद मोजतात 150 मिलिमीटरच्या क्यूबवर, इथे 6 इंच व्यासाच्या आणि 12 इंच उंचीच्या, नाहीतर 4 बाय 8 च्या सिलिंडरवर. काँक्रीट तेच असलं तरी सिलिंडर क्यूबच्या साधारण 80 टक्केच ताकद दाखवतो. क्यूब बुटका, त्यामुळे मशीनच्या प्लेटांचं घर्षण त्याला वरून-खालून आवळून धरतं. म्हणून आपलं एम 25, म्हणजे क्यूबवर 25 मेगापास्कल ताकद देणारं काँक्रीट, इथे 20 मेगापास्कलच्या आसपास धरायचं. आयएस 456 या भारतीय काँक्रीट संहितेतला एफसीके, म्हणजे क्यूबवरची ताकद, तसाच उचलून एसीआय 318 या अमेरिकन संहितेच्या सूत्रात घातला, तर डिझाइन असुरक्षित बाजूला सरकतं, आणि उत्तराकडे पाहून शंकाही येत नाही.

चांगला प्रोफेसर इथे नुसती लाल रेघ मारत नाही. एकाच मिक्समधून क्यूब आणि सिलिंडर दोन्ही भरायला लावतो. सळईने कुटायचं असेल तर 6 इंची सिलिंडर तीन थरांत, 4 इंची दोन थरांत, प्रत्येक थराला 25 ठोसे. टोकं सपाट नसतील तर भार एका कडेवर येतो, तिथला कोपरा आधी उडतो आणि आकडा कमी पडतो. मग तो तुकडा विद्यार्थ्याच्या हातात देऊन "हा असा का तुटला?" एवढंच विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. हे थांबणं फार अवघड असतं. ज्याला ते जमतं, त्याच्या हाताखाली मुलं तयार होतात.

ऑफिस अवर्सचा, म्हणजे शंका विचारायला प्रोफेसर ऑफिसात भेटतात त्या ठरलेल्या तासांचा, उपयोग आपली मुलं फारच कमी करतात. "सरांना कशाला त्रास" हा संकोच आड येतो. पण ते तास विद्यार्थ्यांसाठीच राखलेले आणि सिलॅबसवर छापलेले असतात. जाताना "काहीच कळलं नाही" असं म्हणत जाऊ नका. फ्री बॉडी डायग्राम (वस्तू सुटी दाखवून तिच्यावरच्या सगळ्या बळांची आकृती) काढा, रिअॅक्शन (आधारांची प्रतिबळं) लिहा आणि नेमकं कुठल्या ओळीवर अडलं ते दाखवा. दहा मिनिटांत गाठ सुटते.

पीएचडीसाठी गाईड निवडताना त्याची पायरीही बघा. पहिल्या पायरीवरच्या असिस्टंट प्रोफेसरची टेन्युअरची, म्हणजे कायम नेमणुकीची, फाईल साधारण सहाव्या वर्षी जाते. पेपर, संशोधनाचा निधी, शिकवणं, सगळं त्यात तपासलं जातं. टेन्युअर नाकारली गेली तर बहुतेक ठिकाणी एक वर्षाची मुदत मिळते आणि मग नोकरी सोडावी लागते. असा गाईड स्वतः लॅबमध्ये उभा राहण्याची शक्यता जास्त, पण तुमच्या मधल्या वर्षांत तो गेला तर पुढे काय, हे आधीच विचारून ठेवा. सर्वात वरच्या पायरीवरच्या फुल प्रोफेसरकडे स्थैर्य असतं, मात्र त्याच्या मोठ्या गटात रोजचं शिकवणं बऱ्याचदा सीनियर विद्यार्थ्यांकडून होतं. म्हणून होकार देण्याआधी त्याच्या आताच्या दोन विद्यार्थ्यांना ईमेल करा: सर आठवड्यातून किती वेळा भेटतात, आणि ड्राफ्ट किती दिवसांत वाचून परत देतात?