नुसते दात चकचकीत करून देत नाही

आमच्या भागात जनावराचे दात बघायला कुणाला शिकवावं लागत नाही. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड घेताना आधी ओठ वर करून बघतात. आदत म्हणजे अजून दुधाच्याच दातांचा, दोन दाती की चार दाती, त्यावर भाव ठरतो. पण त्याच घरातल्या कुत्र्याच्या तोंडाला वास मारतोय म्हटलं, की उत्तर ठरलेलं. ‘कुत्र्याचं तोंड हाय डॉक्टर, वास मारणारच की!’

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून मी सांगलीत विश्रामबागला दवाखाना टाकला, तेव्हा लसी, जंत आणि गोचीड यातच दिवस जायचा. दातांकडे वळवलं ते डोळ्याखालच्या सुजेनं. कुत्रा यायचा, डोळ्याखाली गाठ, मालक म्हणायचे गांधीलमाशी चावली असेल. गोळ्या दिल्या की सूज उतरायची आणि काही आठवड्यांनी पुन्हा तिथेच हजर. दुखणं डोळ्याचं नसायचंच. वरच्या जबड्यातल्या मांस कापणाऱ्या मोठ्या दाढेची मुळं बरोबर डोळ्याखाली येतात. मटणाची नळी फोडताना त्या दाढेची कपची उडते, आतली नस उघडी पडते आणि मुळाशी पू धरतो. नळी चावून दात साफ होतात, ही समजूत माझ्या धंद्याला बरी, कुत्र्याला नाही.

या दाढेला तीन मुळं. सबंध ओढायला गेलं तर एखादं आतच मोडतं. म्हणून हिरडी उचलायची, दाढेचे तीन तुकडे करायचे, एकेक मूळ सैल करून काढायचं, आत काही राहिलं नाही ना ते एक्स-रेवर बघायचं, मग विरघळणारे टाके. एक्स-रेशिवाय हे काम करू नये, असं माझं स्पष्ट मत.

मिरज शेजारी असल्याचा इथे फायदा झाला. तिथे माणसांचे दवाखाने पिढ्यान्‌पिढ्यांचे. वापरलेली यंत्रंही मिळतात आणि दुरुस्त करणारे कारागीरही. प्रॅक्टिस बंद करणाऱ्या एका दंतवैद्यांकडून एक्स-रे मशीन आणि दातांवरचं कीटण काढायचा स्केलर घेतला. भुलीचं यंत्र मात्र नवं, कर्ज काढून. हप्त्यांचा हिशेब मिस्टरांकडे, म्हणून मला झोप लागत होती.

खरी अडचण पैशाची नव्हती, भुलीची होती. ‘भूल नको ताई, वरच्यावर खरवडून द्या.’ तसं स्वस्तात करून देणारे आहेत. आम्ही देत नाही. दिसणारं कीटण काढलं की दात पांढरे होतात, मालक खूश होतो. पण हाड खाणारा आजार हिरडीच्या खाली असतो आणि जागं कुत्रं तिथे हत्यार घालू देत नाही. शिवाय भुलीत श्वासनलिकेत नळी असते, म्हणून स्केलरचं घाण पाणी फुप्फुसात उतरत नाही. आधी रक्त तपासतो, शेवटी पॉलिश करतो, नाहीतर खडबडीत दातावर कीटण लवकर धरतं. एवढं ऐकून दुसरीकडे गेलेली गिऱ्हाइकं बरीच आहेत. जाऊ देत.

मांजरांचं काम मला जास्त आवडतं, कारण ती पत्ताच लागू देत नाहीत. दाताचं मूळ आतल्या आत विरघळत चाललेलं असतं, बाहेर हिरडीलगत फक्त गुलाबी खळगा. मांजर भांड्यापाशी येतं, एक घास घेतं, फिस्कारून मागे सरतं. घरचे म्हणतात, ‘आमची मनी फार नखरेल झालीये.’ असा दात भरून उपयोग नसतो, काढावाच लागतो. दात गेल्यावर तीच मनी ताटली चाटूनपुसून ठेवते.

पॉमेरेनियन पिल्लांचे दुधाचे सुळे पडतच नाहीत, तेही नेहमीचं काम. नसबंदीच्या भुलीतच काढून टाकतो.

आता तासगाव, जत, इस्लामपूरकडचे डॉक्टर आपले पेशंट पाठवतात. दाताचं काम झालं की एक्स-रेचा फोटो त्यांच्या व्हॉट्सॲपवर जातो आणि पेशंट पुढच्या लसीला त्यांच्याकडेच. घरी जाताना मालकाच्या हातात बोटात घालायचा ब्रश आणि कोंबडीच्या चवीची पेस्ट देतो. माणसांची पेस्ट वापरू नका, हे दारातच पुन्हा बजावतो: जनावर ती थुंकत नाही, गिळतं, आणि काहींत असलेलं झायलिटॉल कुत्र्याला विषासारखं बाधतं. ब्रश रोज करणारे थोडेच, पण त्यांची कुत्री दाताच्या टेबलावर क्वचितच येतात.