दोनशे ऐंशी आली कुठून? इन्सुलिन पंपाचा रोजचा हिशेब

कमरेच्या इन्सुलिन पंपाचा सेट (पंपातून कातडीखाली इन्सुलिन नेणारी नळी) सकाळी बदलला, नाश्त्याचा बोलस (खाण्यासाठी एकदम द्यायचा डोस) दिला आणि अकरा वाजता शुगर २८०. पंपाच्या स्क्रीनवर मात्र सगळं आलबेल: बोलस गेला, बेसल (दिवसभर थोडंथोडं जाणारं इन्सुलिन) चालू, बॅटरी भरलेली. अशा वेळी पंपाचं ऐकू नका. आपण पिस्टन किती ढकलला एवढंच त्याला माहीत असतं. ढकललेलं इन्सुलिन कातडीखाली गेलं की चिकटपट्टीत मुरलं, याची त्याला गंधवार्ता नसते.

इन्सुलिनचं पेन टोचून घेणाऱ्याच्या अंगात लाँग-ॲक्टिंग इन्सुलिनचा दिवसभराचा साठा असतो. पंपात फक्त रॅपिड, म्हणजे झटपट काम करणारं इन्सुलिन भरतात: लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट किंवा ग्लुलिसिन. त्याचा अंगातला साठा जेमतेम तीन-चार तासांचा. टाइप १ मधुमेहात (शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही तो) पुरवठा तुटला की तेवढ्याच वेळात रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) चढायला लागतात. म्हणजे सगळा खेळ कातडीखालच्या ६ किंवा ९ मिलिमीटरच्या एका मऊ नळीवर. ती दुमडली, निसटली किंवा रक्ताने बुजली, तर महागडा पंप नुसता कमरेला लटकलेला.

ब्लॉकेजचा अलार्म येतो, पण उशिरा. तो नळीतला दाब वाढल्यावर वाजतो. बेसल ताशी ०.५ युनिट असेल तर वाजण्याइतका दाब साचायला कित्येक तास लागू शकतात. लहान मुलांची बेसल ताशी ०.१-०.२ असते, तिथे आणखी उशीर. आणि गळती असेल तर दाब साचतच नाही, त्यामुळे अलार्म वाजतच नाही. गळती नाकाने ओळखायची. इन्सुलिनमध्ये टिकाऊपणासाठी मेटाक्रेसॉल किंवा फिनॉल घातलेलं असतं, त्याचा दवाखान्यात शिरल्यावर येतो तसा वास येतो. सेटवर बोट दाबून हुंगा. वास आला किंवा पट्टी ओलसर लागली, तर पुढचा विचार न करता सेट काढा.

आता त्या २८० कडे. आधी हात साबणाने धुऊन बोटातून तपासा. सेन्सर (अंगाला लावलेला, सतत शुगर मोजणारा) चुकू शकतो, आणि आंबा चिरलेल्या हाताने बोट टोचलं तर ग्लुकोमीटरसुद्धा चुकतो. आकडा खरोखर २५० च्या वर निघाला तर रक्तातले कीटोन बघा. ०.६ च्या आत असतील तर पंपातूनच एक करेक्शन (चढलेली शुगर उतरवायचा डोस) द्या आणि तासाभराने पुन्हा तपासा. आकडा हलला नसेल तर सेट गेला असं समजा. कीटोन ०.६ च्या वर असतील तर पंपावर अजिबात विसंबू नका: करेक्शन पेनने द्या, मग नवा सेट लावा, भरपूर पाणी प्या. १.५ च्या वर गेले तर डॉक्टरांना फोन. ३ च्या वर, किंवा उलट्या सुरू झाल्या तर सरळ हॉस्पिटल. घरी लघवीच्या पट्ट्याच असतील तर त्या वापरा, पण त्या मागच्या काही तासांचं चित्र दाखवतात हे लक्षात ठेवा.

इथे एक चूक हमखास होते. पेनने दिलेलं इन्सुलिन पंपाला ठाऊक नसतं. ऑटो मोड (सेन्सरचा आकडा बघून पंप स्वतःच इन्सुलिन कमी-जास्त करतो तो) चालू असेल तर त्याला फक्त चढलेली शुगर दिसते आणि तो वरून आणखी देत राहतो. दोन तासांनी ६० चा हायपो (शुगर फार उतरणं) येतो तो असा. पेन वापरल्यावर तीन-चार तास ऑटो मोडमधून बाहेर राहा, साधी बेसल चालू द्या.

सेट बदलायची वेळ झोपायच्या आधीची कधीही नको. सकाळी, नाश्त्याच्या बोलसआधी बदला. बोलसबरोबर इन्सुलिनचा मोठा हप्ता नळीतून जातो आणि काही बिघडलं असेल तर दोन-अडीच तासांत, तुम्ही जागे असताना कळतं. बाटली तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. थंड द्रवात हवा जास्त विरघळलेली असते. तो अंगाच्या उबेने तापला की तीच हवा बुडबुडे होऊन नळीत येते. बुडबुडा अंगात गेल्याने धोका नाही, तो शिरेत जात नाही. पण त्याच्या जागी जे इन्सुलिन असायला हवं होतं ते गेलेलं नसतं, आणि दिवसाला १०-१२ युनिट घेणाऱ्या मुलाला तेवढंही जाणवतं. भरताना जितकं इन्सुलिन काढायचं तितकी हवा आधी बाटलीत सोडा, बाटली उलटी धरा, दट्ट्या सावकाश ओढा. घाईने ओढला की फेस झालाच.

किती भरायचं? रोजचं एकूण ४० युनिट असेल तर तीन दिवसांचे १२०, नळी भरायला १५-२०, वर थोडी शिल्लक: १६० पुरे. रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची नळकांडी) ३ मिलीचा म्हणून ३०० भरलं तर उरलेलं फेकायचं तरी, नाहीतर तेच सहा दिवस पुरवायचा मोह तरी.

नळी भरताना ती अंगापासून सुटी असलीच पाहिजे. सेट अंगाला जोडलेला असताना रिवाइंड (पिस्टन मागे घेणं) किंवा प्राइम (नळी भरणं) केलं तर दहा-पंधरा युनिट थेट अंगात जातात. टोकावर थेंब दिसेपर्यंत भरा, मगच सेट लावा. टेफ्लॉनचा असेल तर सुई काढल्यावर कॅन्युला (कातडीखालची ती मऊ नळी) भरायची: बहुतेक सेटना ६ मिमीला ०.३ युनिट, ९ मिमीला ०.५. स्टीलच्या सुईला हे लागत नाही. ज्यांची टेफ्लॉनची नळी वारंवार दुमडते, त्यांनी स्टीलचा सेट जरूर करून बघावा. दर दोन दिवसांनी बदलावा लागतो, पण तो दुमडत नाही.

जागा बेंबीपासून दोन इंच लांब, आणि परकराची किंवा सलवारची नाडी जिथे कसली जाते ती रेघ टाळून. पोट, कुल्ल्यांचा वरचा भाग, मांडी, दंड असं फिरत राहा. एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचलं की तिथे चरबीची गाठ धरते. ती दुखत नाही, म्हणून ती जागा आवडती होते, आणि तिथूनच इन्सुलिन कधी शोषलं जातं तर कधी नाही. महिन्यातून एकदा पोटावरून साबणाचा हात फिरवून गाठी चाचपा. काढलेला सेट फेकण्याआधी नळीचं टोकही बघा. सरळ आणि स्वच्छ असेल तर दोष दुसरीकडे शोधायचा. टोक आकड्यासारखं वळलेलं किंवा आत रक्त असेल तर २८० चं उत्तर हातात आलं.

सेट महाग असतात, त्यामुळे तीन दिवसांचा पाच दिवस ओढणारे बरेच आहेत. बहुतेकांना चौथ्या दिवशी त्याची किंमत कळते: जागा लालसर, बोलस नेहमीचाच, तरी शुगर प्रत्येक जेवणानंतर चाळीस-पन्नासने वर. मग लोक सेटऐवजी बेसल बदलत बसतात. सात दिवस चालणारे वेगळे सेट बनवलेले आहेत. साध्या सेटकडून ती अपेक्षा ठेवू नये.

आकडेमोडीचा पाया डॉक्टर घालून देतात, पण तो समजलेला बरा. रोजचं एकूण ४० युनिट धरू. ५०० भागिले ४० म्हणजे १२.५: इतक्या ग्रॅम कार्ब्जना (कर्बोदकांना) एक युनिट. १८०० भागिले ४० म्हणजे ४५: एक युनिट शुगर साधारण ४५ ने उतरवतं. ५०० आणि १८०० हे ठोकताळ्याचे आकडे, म्हणून हे सुरुवातीचे अंदाज. पुढे माणसागणिक आणि वेळेगणिक बदलतात, सकाळी बहुतेकांना जास्त लागतं. दोन पोळ्या (२५ ग्रॅम कणकेची एक, म्हणजे १८ ग्रॅम कार्ब्ज; दोन मिळून ३६), वाटीभर वरण १२ ग्रॅम, अर्धी वाटी भात १५ ग्रॅम: एकूण ६३, म्हणजे ५ युनिट. जेवणाआधी शुगर १९०, लक्ष्य ११०, म्हणून करेक्शन १.८. आधीच्या बोलसचं ०.६ अजून अंगात आहे, ते वजा. एकूण ६.२. ही बेरीज-वजाबाकी पंपच करतो, पण ६३ हा आकडा त्याला तुम्हीच द्यायचा असतो, आणि गोची होते ती तिथेच.

भाकरीचं वजन तव्यावरून उतरल्यावर करू नका, पाणी किती उडालं त्यावर ते बदलतं. पीठ मोजा: ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाला साधारण ३५ ग्रॅम कार्ब्ज. पुरणपोळीचा हिशेब अख्ख्या घाण्याचा करायचा. २०० ग्रॅम कणीक म्हणजे १४० च्या आसपास, पाव किलो हरभराडाळ सुमारे १३०, पाव किलो गूळ २२० धरा. एकूण ४९०. दहा पोळ्या झाल्या तर एकीला ४९, बारा झाल्या तर ४१. म्हणजे एका पोळीला चारच्या आसपास युनिट, आणि वर तूप. तुपामुळे पोट सावकाश रिकामं होतं, शुगर दोन-तीन तासांनी चढते. सगळा बोलस एकदम दिला तर आधी हायपो आणि नंतर २५० असं दोन्ही दिसतं. साध्या मोडमध्ये ६० टक्के आता आणि ४० टक्के दोन तासांत पसरून देता येतो. मेडट्रॉनिक ७८०जीसारख्या पंपात ऑटो मोड चालू असताना असा पसरलेला बोलस मिळत नाही. तिथे मागून चढणारी शुगर तो दर पाच मिनिटांच्या करेक्शनने आवरतो.

साबुदाण्याच्या खिचडीलाही हेच लागू. ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा म्हणजे ५० ग्रॅमच्या वर कार्ब्ज, त्यात दाण्याचं कूट आणि बटाटा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे पंपावाल्यांइतकं कोणाला पटत नसेल. उलट निर्जळी किंवा नुसत्या ताकावरचा उपवास पंपावर तुलनेने सोपा: बेसल चालू, बोलस नाही. बेसल बरोबर असेल तर शुगर जवळपास सपाट राहते. उतरत गेली तर बेसल जास्त आहे. ७० च्या खाली आली तर मात्र उपवास सोडून साखर घ्यायची. आणि उपवास आहे म्हणून पंपच काढून ठेवायचा नाही. आजारपणात जेवण जात नसेल तेव्हाही नाही.

बोलस जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी. पंगतीत बसून अर्धं जेवण झाल्यावर आठवण झाली, तर ऑटो मोडमध्ये पूर्ण बोलस देऊ नका. तोवर पंपाने चढती शुगर बघून स्वतःहून इन्सुलिन वाढवलेलं असतं. अर्धा तास उलटला असेल तर निम्म्या कार्ब्जचा द्या. खाल्लेलं नसताना खोटे कार्ब्ज टाकून इन्सुलिन उकळायची युक्तीही काही जण वापरतात. ती करू नये, पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

हायपो आल्यावर पंप थांबवून लगेच काही होत नाही, आधी गेलेलं इन्सुलिन काम करतच राहतं. साखर खा: सपाट तीन चमचे म्हणजे १५ ग्रॅम. ऑटो पंपाने आधीच बेसल थांबवली असेल तर बहुतेकदा दोन चमचे पुरतात. तीन-चार लाडू खाल्ले तर तासाभराने २२० बघावी लागते. सेन्सर रक्ताच्या दहा-एक मिनिटं मागे असतो, म्हणून साखर खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी बोटातून बघा.

व्यायामाचं थोडक्यात: धावणं किंवा सायकल असेल तर तासभर आधीच बेसल निम्मी करा, किंवा ऑटो मोडमध्ये व्यायामाचं वाढीव लक्ष्य लावा. निघताना केलेला बदल परत येईपर्यंत लागू पडत नाही.

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे वेगळीच पंचाईत. पंपातलं इन्सुलिन ३७ अंशांच्या वर तापलं की बदलावं असं अ‍ॅस्पार्टच्या पत्रकातच लिहिलेलं असतं. नळी शर्टाच्या आत ठेवा, उन्हात लोंबू देऊ नका. सुटी बाटली गाडीच्या डिकीत नको, आणि फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकूनही नको; गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. मुंबई-कोकणात घामाने पट्टी सुटते. स्पिरिट लावून ते पूर्ण वाळू द्या, पावडर नको, आंघोळीनंतर दहा मिनिटं थांबून मग सेट. दिवाळीत अभ्यंगस्नान आधी, सेट नंतर. तेलाच्या अंगावर कुठलीच पट्टी टिकत नाही. आंघोळीपुरता किंवा पोहण्यापुरता पंप काढला तर चालतो, पण तासाच्या आत परत जोडा. एक्स-रे आणि सीटीच्या वेळी काढून ठेवा, एमआरआयच्या खोलीत तर नेऊच नका.

जवळच्या पिशवीत एक जादा सेट, रिझर्व्हॉयर, बॅटरी, ग्लुकोमीटर, कीटोनच्या पट्ट्या, साखर, रॅपिडचं पेन आणि सुया हव्यात. पेन न मिळाल्यास सिरिंज, आणि ती नारिंगी टोपणाची, १०० ची (मिलीला १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी). आपल्याकडे लाल टोपणाच्या ४० च्या सिरिंज आणि ४० च्या बाटल्या अजून दुकानोदुकानी मिळतात. पंपाच्या १०० वाल्या इन्सुलिनमधून लाल सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत घेतलं तर अंगात २५ युनिट जातात. उलट ४० ची बाटली चुकून पंपात भरली तर दर दहा युनिटमागे चारच पोचतात. गावी गेल्यावर घाईत घेतलेल्या बाटलीवरचा आकडा वाचूनच सील तोडा.

त्याच पिशवीत एक कागद: तासागणिक बेसल, तिची दिवसाची बेरीज, कार्ब्जचं प्रमाण, करेक्शनचा आकडा, आणि पंप बंद पडला तर ग्लार्जिन (दिवसभर टिकणारं इन्सुलिन) किती घ्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घेतलेलं. पंप मेला की त्याच्यातले आकडेही जातात. कागदावर तारीख टाका, आणि सेटिंग बदललं त्या दिवशी जुना कागद फाडून नवा ठेवा.