वाटाणा, आगकाड्या आणि द्राक्षाचा डोळा : लघुपट कुठवर आला

आधी सद्यस्थिती. साधारण तीन मिनिटांचा लघुपट, तीन भाग, संवाद नाहीत, माणूस नाही, सगळं एकेक फ्रेम टिपून. वाटाण्याचा भाग शूट होऊन जोडूनही झालाय. आगकाड्या निम्म्यावर आहेत. द्राक्षाचा डोळा, म्हणजे वेलीच्या काडीवरची कोंब फुटायची जागा, एप्रिलच्या खरड छाटणीसाठी (हंगामानंतर वेल मागे छाटतात ती) थांबलाय, त्याची फक्त मांडणी तयार आहे.

कल्पना उघड उघड दादासाहेब फाळक्यांची. त्र्यंबकेश्वरला ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या या माणसानं कथापटाला हात घालण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टिपली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. १९१३ मध्ये नाशिकला बस्तान हलवल्यावर पुढे आगकाड्यांनाही पडद्यावर नाचवलं. नाशिकात बसून एकेक फ्रेमचं काम करायचं आणि हे दोन प्रयोग करून बघायचे नाहीत, हे काही पटत नाही.

वाटाण्याबद्दल सर्रास सांगितलं जातं ते असं : महिनाभर रोज एक फ्रेम, आणि त्यातून मिनिटभराची फिल्म. हिशेब मांडला की हे जमत नाही. मूकपटाचा वेग सेकंदाला १६ फ्रेम धरला तर ३० फ्रेम दोन सेकंदांतच संपतात. एका मिनिटाला ९६० फ्रेम लागतात, म्हणजे महिनाभर रोज ३२, दर ४५ मिनिटांनी एक. नेमकं काय झालं असेल ते असो. 'रोज एक फोटो' या भरवशावर कोणी काम सुरू केलं तर हाती धक्के खाणारे दोन सेकंद लागतील एवढं नक्की.

वाटाणा : पूर्ण

बी शेतीच्या दुकानातलं घ्यावं. किराण्यातला पांढरा वाटाणा किती जुना आहे कळत नाही, उगवण बेभरवशाची, आणि चौथ्या दिवशी त्यावर बुरशीची लव दिसते. दुकानातल्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं म्हणून ते रंगीत दिसतं. ते कॅमेऱ्यात खटकत असेल तर दाणा मातीत पूर्ण दडवायचा. हाताळून झालं की हात धुवावेत. एका कुंडीत एकच दाणा लावू नये. पाच-सहा लावावेत, कॅमेऱ्यासमोर येईल तो नायक.

माती हा पहिला घोटाळा. नाशिकची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. डोळ्याला ते दिसत नाही, पण वेग वाढवलेल्या फिल्ममध्ये जमीन श्वास घेताना दिसते आणि रोपाकडे कोणी बघतच नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि बारीक वाळू निम्मी-निम्मी घेतली की हा प्रकार थांबतो. वरून पाणी घातलं तरी पृष्ठभाग हलतोच, म्हणून कुंडीच्या भोकातून जाड सुती नाडी खालच्या भांड्यात सोडायची. नाडी आधी भिजवून घ्यावी, कोरडी नाडी पाणी चढायला फार वेळ घेते.

मूळ दाखवायचं असेल तर दोन काचांमध्ये ८ ते १० मिलिमीटर अंतर ठेवून त्यात कोकोपीट भरायचं आणि दाणे पुढच्या काचेला लावायचे. काचा कॅमेऱ्याच्या बाजूला १५ ते २० अंश झुकवल्या की खाली जाणारं मूळ पुढच्या काचेला टेकूनच वाढतं. झुकवल्या नाहीत तर मूळ उजेड टाळत मागे सरतं आणि चौकटीत नुसतं तपकिरी कोकोपीट उरतं. थंडीत, पारा दहाच्या खाली गेला की, काचेवर आतून दव धरतं. वरचे दोन सेंटिमीटर मोकळे ठेवले आणि रात्री खोली बंद ठेवली की ते बरंच कमी होतं.

आता मध्यांतर, म्हणजे दोन फोटोंमधला वेळ. दोन आठवडे म्हणजे २०,१६० मिनिटं. दर २० मिनिटांनी फोटो घेतला तर १,००८ फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं ४२ सेकंद. कागदावर हे पुरेसं वाटतं. पण वाटाण्याचा शेंडा आणि ताणे (आधाराला धरणारे तंतू) सरळ वाढत नाहीत, ते हवेत आधार शोधत गोल फिरतात, आणि एक फेरी तासा-दीड तासात होते. २० मिनिटांच्या मध्यांतरात एका फेरीचे जेमतेम चार फोटो मिळतात, त्यामुळे शेंडा फिरताना न दिसता थरथरताना दिसतो. दर ५ मिनिटांनी घेतला तर एका फेरीला पंधराच्या आसपास फ्रेम मिळतात आणि ती चाल डौलदार होते. म्हणून कोंब मातीबाहेर येईपर्यंत २० मिनिटं, नंतर ५ मिनिटं. या भागातला सगळ्यात बघण्यासारखा क्षण हाच आहे : ताणा दोनदा मोकळ्या हवेतून फिरतो, तिसऱ्यांदा काडीला निसटता लागतो, आणि पुढच्या काही फ्रेममध्ये तिच्याभोवती वळसा घालून मोकळा होतो. काडी म्हणून अर्थातच आगकाडी लावली आहे, पुढच्या भागाशी दुवा म्हणून.

उजेड

तिन्ही भागांत सर्वाधिक नासाडी उजेडामुळे होते. हललेली वस्तू प्रेक्षक माफ करतो, लुकलुकणारी चौकट करत नाही. लुकलुक होण्याची कारणं चार, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

पहिलं, ऊन. पडद्याची फट राहिली तरी दुपारी भिंत उजळते. खिडकीच्या काचेवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि त्यावर काळा पुठ्ठा, कडांना टेप. दुसरं, विजेचा दिवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवावा. रोप किंवा काडी जागची हलत नसते, त्यामुळे सरळ अर्धा सेकंद ठेवला तर उत्तमच. तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही : ऑटो लेन्सचं अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) प्रत्येक फोटोला बंद होतं आणि दर वेळी केसभर वेगळं बंद होतं. 'सगळं मॅन्युअल ठेवलं तरी लुकलुकतंय' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. अ‍ॅपर्चरची कडी लेन्सवरच असलेली जुनी ५० मिलिमीटर लेन्स अ‍ॅडॅप्टरनं लावली की प्रश्न मिटतो, आणि अशी लेन्स नव्या लेन्सपेक्षा स्वस्तही पडते. चौथं, अ‍ॅनिमेशन करणाऱ्याचे कपडे. पांढरा सदरा घालून टेबलाशी उभं राहिलं की तो परावर्तकाचं काम करतो. काळे किंवा गडद कपडे घालावेत आणि फोटो घेताना दर वेळी त्याच जागी उभं राहावं.

दिवे २० वॅटचे दोन एलईडी पॅनल, ५५०० केल्व्हिन. रोपाला तोच उजेड रात्रंदिवस दिला. दोन आठवड्यांत साडेतेरा युनिट वीज जाते, त्यामुळे बिलाची भीती नको. दोन्ही पॅनल दोन बाजूंना सारख्या अंतरावर हवेत, नाहीतर रोप एकीकडे वाकून चौकटीबाहेर जातं. पॅनल लावल्यावर पहिला अर्धा तास रंग थोडा सरकतो, तेवढं थांबून सुरुवात करावी. वीज गेली की इन्व्हर्टर लागेपर्यंत पॅनल क्षणभर विझतो, आणि डिजिटल बटणांचे काही पॅनल परत लागताना आधीचा उजेड विसरून थेट शंभर टक्क्यांवर येतात. फिरवायच्या बटणाचा पॅनल तसं करत नाही. कॅमेऱ्याला बॅटरीऐवजी डमी बॅटरी आणि अ‍ॅडॅप्टर, तोही इन्व्हर्टरच्याच लाइनवर.

एवढं करूनही थोडी लुकलुक राहिलीच तर एफएफएमपेग या प्रोग्रॅममधला डीफ्लिकर (लुकलुक घालवणारा) फिल्टर फुकट आहे आणि चांगला चालतो. डाव्हिन्ची रिझॉल्व्हमधला डीफ्लिकर विकतच्या आवृत्तीतच मिळतो. उन्हाची उडी मात्र दोन्हींना नीट झाकता येत नाही.

आगकाड्या : निम्मं काम

कॅमेरा वरून सरळ खाली, खाली ४ मिलिमीटरची काच, काचेखाली वीतभर अंतरावर काळं मखमल. काच आणि कापड यांत अंतर असल्यामुळे काड्यांच्या सावल्या चौकटीबाहेर पडतात. दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब दिसतं, म्हणून काळ्या पुठ्ठ्याला लेन्सएवढं भोक पाडून तो लेन्सवर चढवायचा.

लाकडी काडी वाकत नाही, मोडते. वाकणारा हात किंवा पाय हवा असेल तर काडी तीन तुकड्यांत कापून सांध्यात २४ गेजची तांब्याची तार, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात ती हातभर सहज मिळते. वरचं इनॅमल खरवडल्याशिवाय गोंद धरत नाही. मेणकाडी वाकते खरी, पण बोटांच्या उबेनं नको तिथेही वाकते, म्हणून ती गर्दीच्या दृश्यात मागे ठेवावी. एकाच पेटीतल्या काड्या सारख्या नसतात. गुलाचा आकार आणि लाकडाचा रंग जुळणाऱ्या काड्या आधीच निवडून ठेवाव्यात, कारण मधेच मोडलेली काडी बदलली की पात्र बदलल्यासारखं दिसतं.

एका फोटोला दोन फ्रेम, म्हणजे सेकंदाला १२ फोटो. ४० सेकंदांच्या भागाला ४८०. हालचालीचं माप मिलिमीटरमध्ये आधी लिहून काढायचं : १, २, ४, ६, ६, ६, ४, २, १, आणि मग दोन-तीन फोटो काहीच न हलवता. सगळीकडे सारखं सरकवलं की काडी चालत नाही, घसरते. आलेख कागद काचेखाली ठेवला तर चौकटीत येतो, म्हणून माप काचेच्या कडेला चौकटीबाहेर चिकटवलं आहे आणि त्यावरून पट्टी सरकते.

काडी बोटांनी उचलू नये, टपाल तिकिटांचा सपाट चिमटा वापरावा. शेजारची काडी हलते ती बहुतेकदा चिमट्याने नव्हे, बाहीमुळे. मधमाशांच्या मेणाचा मोहरीएवढा कण प्रत्येक काडीखाली असला की ती जागा सोडत नाही. जास्त मेण लावलं तर काचेवर ओरखडे दिसतात. आधीचा फोटो पुसट दाखवणारं सॉफ्टवेअर हवंच. ड्रॅगनफ्रेम विकत घ्यावं लागतं, फोनवर स्टॉप मोशन स्टुडिओ पुरेसं आहे.

नाशिकातल्या द्वारका भागात किंवा महामार्गाच्या कडेला राहणाऱ्यांना आणखी एक अडचण आहे, जड गाड्यांची. अर्ध्या सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये ट्रक गेला तर फोटो पुसट येतो आणि काच केसभर सरकते. ट्रायपॉड आणि टेबल दोन्हींखाली वाळूची छोटी पोती, आणि काचेच्या चारही कोपऱ्यांना फरशीच्या तुकड्याचं वजन. रात्री उशिरा काम करून फारसा फायदा नाही, अवजड वाहनं तेव्हाच जास्त असतात. ट्रक गेला की दहा सेकंद थांबून मग बटण.

शेवटी काड्या पेटतात. ज्वाळा एकेक फोटोत जमत नाही, तो तुकडा व्हिडिओतच घ्यावा लागतो, आणि तिथे नवीन भानगड : व्हिडिओ मोडमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांची चौकट कापली जाते, त्यामुळे फोटोवरून व्हिडिओवर जाताना चित्र टुणकन मोठं होतं. उपाय असा की अ‍ॅनिमेशनचे शेवटचे दहा-बारा फोटो न घेता प्रत्येक स्थितीचा सेकंदभर व्हिडिओ घ्यायचा आणि त्यातली एक फ्रेम वापरायची. उडी मग हालचालीच्या मध्यावर येते, तिथे ती खपून जाते. हा तुकडा मात्र काच आणि मखमल काढून, काळ्या कडप्प्यावर. उघड्या ज्वाळेनं काच तडकते. पंखा बंद, पडदे दूर, पाण्याची बादली हाताशी, आणि खोलीत दुसरं कोणीतरी हवंच.

आवाज नंतर. पेटी खुळखुळण्याचा आवाज माइकपासून वीतभर अंतरावर ठीक येतो, एवढंच तपासलंय.

द्राक्षाचा डोळा : मांडणी तयार

बागेत कॅमेरा लावण्याचा विचार सोडून दिलाय. वाऱ्यानं काडी हलते, फवारणीच्या ब्लोअरनं लेन्सवर बोर्डोचे (मोरचुदाच्या बुरशीनाशकाचे) निळे ठिपके येतात, आणि सकाळ-दुपारचा उजेड जुळवत बसावं लागतं. त्याऐवजी छाटून खाली पडलेली काडी घरी आणायची. पेन्सिलीएवढी जाड, ८ ते १० मिलिमीटर, पक्व तपकिरी, मध्यभागी एक फुगीर डोळा. डोळ्याच्या वर दोन बोटं आणि खाली दहा सेंटिमीटर ठेवून कापायची, खालचा काप तिरपा, आणि पाण्यात उभी करायची. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं, पण काडीला धक्का न लावता, म्हणून बाटलीत सलाइनची नळी कायम सोडून ठेवली आहे. २५ अंशांच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत डोळा फुटायला हवा. वेलीवर उरलेल्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, ती विषारी आहे. पेस्ट लावलेली काडी घरी आणू नये, हातही लावू नये. बागायतदाराला विचारूनच काडी उचलावी.

डोळा असतो पाच मिलिमीटरचा. ५० मिलिमीटर लेन्समागे ५० मिलिमीटरच्या एक्सटेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामधल्या पोकळ नळ्या) लावल्या की वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराची येते, पण उजेड दोन स्टॉपनं घटतो, म्हणजे चौथा हिस्सा उरतो, म्हणून एक्सपोजर अर्ध्याऐवजी दोन सेकंद. अ‍ॅपर्चर एफ ११ ठेवलं तर फोकसची खोली मिलिमीटर-दोन मिलिमीटर, त्यामुळे कोंब कॅमेऱ्याच्या दिशेनं वाढला की पहिल्याच दिवशी धूसर. काडी अशी फिरवायची की डोळा बरोबर बाजूला बघेल आणि कोंब चौकटीला समांतर निघेल. डोळा सुरुवातीला चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात ठेवायचा. आधी तो कापसतो (कापसासारखी लव दिसते), मग पोंगा (मिटलेल्या पानांचा कोंब) निघतो, मग पानं उलगडतात. तीन-चार पानांनंतर काडीतला साठा संपतो आणि वाढ थांबते. तेवढंच हवं आहे. मध्यांतर १० मिनिटं धरलंय. पोंगा उलगडताना ते ५ वर आणावं लागेल का, हे वाटाण्याच्या अनुभवावरून नाही ठरणार, द्राक्षाचा कोंब ताणे येईपर्यंत तसा फिरत नाही. ज्यांनी द्राक्षाची काडी पाण्यात फोडली आहे त्यांनी वाण आणि लागलेले दिवस कळवावेत. थॉम्सन आणि सोनाका दोन्हींच्या काड्या मिळण्यासारख्या आहेत, बाटल्या मात्र दोनच मावतात.