रेडफर्नच्या कोपऱ्यावरचं पोस्ट

माझे वडील पोस्टात होते. बरीच वर्षं सॉर्टिंगला, शेवटची काही वर्षं काउंटरवर. त्यामुळे नव्या गावात पाय ठेवला की मी आधी तिथलं पोस्ट शोधते. सिडनीत भाचीकडे महिनाभर राहायला आले तेव्हा पहिल्याच रविवारी तिने विचारलं, "मावशी, बॉन्डायच्या समुद्रकिनारी जायचं का?" मी म्हटलं, "बॉन्डाय पुढच्या रविवारी. आज रेडफर्न."

तिला नवल वाटलं. सेंट्रल सोडलं की लोकलचं पहिलं स्टेशन रेडफर्न, आणि तिने तिथे कायम फक्त गाडी बदललेली. स्टेशनाबाहेर लॉसन स्ट्रीटच्या पुलावर मूळनिवासी लोकांचं एक लांबलचक भित्तिचित्र आहे, १९८३ सालचं. ते बघत बघत आम्ही रेडफर्न स्ट्रीटला लागलो. पाच-सात मिनिटं चाललो असू, तेवढ्यात दुकानांच्या छपरांवरून घड्याळाचा मनोरा दिसला. जॉर्ज स्ट्रीट जिथे येऊन मिळतो त्या कोपऱ्यावर ही जुन्या पोस्टाची इमारत उभी आहे. १८८२ सालची. न्यू साउथ वेल्स ह्या इथल्या राज्याच्या वारसा इमारतींत तिची गणना होते.

इमारत दोन मजली, कोपऱ्यावरचा मनोरा मात्र चार मजली. मी आधी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले, कारण असली वास्तू जवळून कळतच नाही. खाली कमानींची ओसरी. वर रांगेत उभट खिडक्या. माथ्यावर जाड कंगोरे आणि कठडा. ह्या शैलीला व्हिक्टोरियन इटालियनेट म्हणतात. इटलीतल्या जुन्या हवेल्यांचा घाट इंग्लंडने उचलला आणि तिथून तो वसाहतींत पोचला. सिडनीच्या उन्हाला तो मानवलाही. ओसरीच्या सावलीत माणूस घटकाभर टेकू शकतो, पावसात पत्राची घडी भिजत नाही. भिंती विटांच्या, वरून गिलावा. खरा घडीव दगड महाग पडायचा, म्हणून उपनगरातल्या इमारतींना गिलाव्यावर नक्षी उठवून दगडाचा रुबाब देत असत. काहींना ही नक्कल खटकते. मला नाही खटकत. गवंड्याने ओल्या गिलाव्यावर साचा फिरवून काढलेला तो कंगोरा एकशे चाळीस वर्षांनंतरही धारदार दिसतो, आणि ते हाताचं काम आहे.

ही इमारत जेम्स बार्नेटच्या कचेरीतून आली. बार्नेट मूळचा स्कॉटलंडमधल्या अर्ब्रोथचा, जन्म १८२७ चा. १८६० च्या दशकापासून १८९० पर्यंत तो न्यू साउथ वेल्स वसाहतीचा सरकारी मुख्य वास्तुविशारद होता. त्याच्या कारकिर्दीत १६९ टपाल आणि तार कचेऱ्या उभ्या राहिल्या. शिवाय १३० न्यायालयं, १५५ पोलीस ठाणी आणि २० दीपगृहं. आकडा ऐकून वाटतं, एकच नकाशा घेऊन सगळीकडे ठोकला असेल. तसं नाही. रेडफर्न तेव्हा कामगारांचं उपनगर होतं. पुढे पाचच वर्षांत, १८८७ ला, शेजारी एव्हली इथे रेल्वेचा प्रचंड कारखाना सुरू झाला. अशा वस्तीत साधी कौलारू खोली बांधून सरकारला भागवता आलं असतं, पण बार्नेटने तिथे घड्याळाचा मनोरा उभा केला. मला ह्या माणसाबद्दल जे काही वाटतं ते ह्या एका गोष्टीमुळे.

मनोऱ्याला खरोखरच काम होतं. खिशात घड्याळ बाळगणं तेव्हा मजुराच्या आवाक्यातलं नव्हतं. बंदरावरच्या वेधशाळेत १८५८ पासून रोज दुपारी एक वाजता खांबावरचा मोठा गोळा खाली सोडत, त्यावरून जहाजं आपापली घड्याळं लावत. वेळ सांगणं हे तेव्हा सरकारी काम होतं, आणि रेडफर्नसारख्या आतल्या वस्तीत ते पोस्टाच्या माथ्यावरून झालं. भाची मान वर करून बघत होती. म्हणाली, "म्हणजे हा सगळ्यांचा मोबाइल." तिला मुद्दा बरोब्बर कळला होता.

खालच्या काउंटरवर काय चालायचं हे मी तिला वडिलांच्या थाटात सांगितलं. पत्रं तर होतीच. तार होती. १८७२ मध्ये डार्विनपर्यंतची तार पुरी झाली, समुद्राखालच्या तारेला जोडली गेली आणि सिडनीचा निरोप लंडनला तासांच्या हिशेबात पोचू लागला. त्याआधी बोटीने महिने लागत. मनीऑर्डर होती. आणि सरकारी बचत बँक. ती १८७१ मध्ये निघाली तीच मुळी टपाल कचेऱ्यांमधून चालवायची म्हणून. म्हणजे एव्हलीचा लोहार शनिवारी पगारातले चार शिलिंग बाजूला ठेवायला येणार तो ह्याच कमानींखालून. वरच्या मजल्यावर पोस्टमास्तरचं बिऱ्हाड, ही बार्नेटच्या टपाल कचेऱ्यांतली नेहमीची सोय. खाली शिक्क्यांचा ठक-ठक आवाज आणि वर स्वयंपाक. आमचंही बालपण असंच क्वार्टरमध्ये गेलं. म्हणून वरच्या खिडक्यांकडे मी जरा जास्तच वेळ बघत राहिले.

ह्या वसाहतीचं टपालावर पहिल्यापासून प्रेम होतं असं म्हणायला हरकत नाही. १८०९ मध्ये आयझॅक निकोल्स पहिला पोस्टमास्तर झाला. तो स्वतः कैदी म्हणून आलेला होता, आणि पोस्ट चालायचं त्याच्या घरातून. पोस्टमास्तर नेमायचं कारण काय, तर त्याआधी बोट आली की कुणीही किनाऱ्यावर जाऊन दुसऱ्याची पत्रं उचलून नेई. १ नोव्हेंबर १८३८ ला सिडनीने उठून दिसणारा शिक्का मारलेले, टपालखर्च आधीच भरलेले कागद विकायला काढले. इंग्लंडचं सुप्रसिद्ध पेनी ब्लॅक तिकीट आलं १८४० च्या मे महिन्यात, म्हणजे दीड वर्षाने मागून. वडिलांना हे फोनवर सांगितलं तर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तारीख परत सांग."

आदल्या दिवशी आम्ही मार्टिन प्लेसला बार्नेटचंच जीपीओ बघून आलो होतो. ते १८६६ ते १८९१ असं पंचवीस वर्षं बांधत होते. पिरमाँटच्या खाणीतला पिवळसर वालुकाश्म, लांबच लांब कमानी. तिथे पिट स्ट्रीटच्या बाजूला टोमासो सानी ह्या इटालियन शिल्पकाराने कोरलेली चित्रं आहेत. त्यांत देवदेवता नाहीत. तार, वृत्तपत्रं, शेती, खाणकाम, बँक असे विषय, आणि माणसं त्या काळच्या रोजच्या कपड्यांत. १८८३ मध्ये ह्यावरून केवढा गहजब झाला! संसदेत चर्चा, चौकशी समिती, काढून टाका म्हणून शिफारस. बार्नेट हटला नाही, आणि चित्रं आजही जागेवर आहेत. ती बघितल्यावर रेडफर्नचा मनोरा मला नीट उलगडला. दोन्हीकडे एकच माणूस साध्या लोकांना मानाची जागा देत होता.

त्या जीपीओच्या मनोऱ्याचंही एक प्रकरण आहे. १९४२ मध्ये हवाई हल्ल्याच्या भीतीने तो उतरवून ठेवला. साठच्या दशकात परत चढवताना घंटेच्या आत खडूने लिहिलेला एक शब्द सापडला, इंग्रजीत 'अनंतकाळ' ह्या अर्थाचा. आर्थर स्टेस नावाचा माणूस अनेक वर्षं सिडनीच्या फुटपाथांवर तोच शब्द वळणदार अक्षरांत लिहीत असे. मोठ्या घंटेच्या पोटात तो कधी चढला असेल, देव जाणे.

रेडफर्न हे नाव आलं विल्यम रेडफर्नवरून. हा ब्रिटिश आरमारातला शल्यवैद्य. १७९७ मध्ये इंग्लंडच्या नोर इथे खलाशांनी केलेल्या बंडात सापडला म्हणून हद्दपार होऊन इथे आला, माफी मिळाली, आणि १८१७ मध्ये गव्हर्नर मॅक्वारीने त्याला ह्या भागात १०० एकर जमीन दिली. जमीन मात्र गॅडिगल ह्या मूळनिवासी लोकांची होती, त्यांना कुणी विचारलं नाही. पुढे विसाव्या शतकात गावाकडून, राखीव वस्त्यांतून उठून मूळनिवासी कुटुंबं कामासाठी सिडनीत आली ती मोठ्या संख्येने रेडफर्नलाच. १९७० मध्ये त्यांनी इथे आपली कायदेविषयक मदत संस्था काढली, १९७१ मध्ये वैद्यकीय सेवा. पोस्टावरून तसंच सरळ पुढे गेलं की रेडफर्न पार्क लागतं. १० डिसेंबर १९९२ ला पंतप्रधान पॉल कीटिंग ह्यांनी तिथे उभं राहून, इथल्या मूळनिवासींवर झालेल्या अन्यायाची जबाबदारी गोऱ्यांची आहे, हे उघड मान्य केलं.

पत्रं, तारा आता ह्या कमानींखालून जात नाहीत. १ मार्च १९०१ ला सगळं टपाल खातं वसाहतीकडून ऑस्ट्रेलियाच्या नव्या संघराज्याकडे गेलं, १९७५ मध्ये टपाल आणि टेलिफोन वेगळे झाले, आणि एवढी मोठी इमारत टपालाला नकोशी झाली. शहरातल्या कितीतरी जुन्या पोस्टांची अशा वेळी दुकानं किंवा खानावळी झाल्या. इथे वेगळं घडलं. सिडनी महापालिकेने ही इमारत घेतली आणि स्थानिक मूळनिवासी समाजाच्या वापरासाठी दिली. नावही साधंच, पत्त्यावरून, '११९ रेडफर्न स्ट्रीट'.

रविवार असल्यामुळे दार बंद होतं. आम्ही ओसरीच्या कडेला उभ्या होतो. पलीकडून एक वयस्कर मूळनिवासी बाई आल्या. "कुणाची वाट बघताय का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, इमारत बघतेय, माझे वडील पोस्टात होते. त्या हसल्या आणि म्हणाल्या, लहानपणी आई मनीऑर्डर घ्यायला इथे आणायची, काउंटर इतका उंच की मला फक्त माणसाचे हात दिसायचे. तेवढंच बोलून त्या पुढे गेल्या. भाचीने माझ्याकडे बघितलं. काउंटरच्या त्या बाजूचे हात माझ्या वडिलांचे असू शकले असते, हे तिला सांगावं लागलं नाही.

वडिलांसाठी घेतलेलं कार्ड पर्समध्ये होतंच. मनोऱ्याच्या सावलीत उभ्या उभ्या चार ओळी लिहिल्या, वर तारीख घातली, १ नोव्हेंबर १८३८ पण लिहून टाकली. मग लाल पेटी शोधून त्यात टाकलं. पेटीवरच्या पाटीप्रमाणे ती आता सोमवारी संध्याकाळी उघडणार होती.