शाई फिरवणारा तो चित्रकार कसा?

चित्रकथांविषयी बोलायला उभा राहिलो की हा प्रश्न हमखास येतो. एक जण पेन्सिलीने चित्र काढतो, दुसरा त्यावर शाई फिरवतो. मग या दुसऱ्याला चित्रकार का म्हणायचं, तो तर नुसता गिरवतो! तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून आज सविस्तर सांगतो. माझ्यापुरतं याचं उत्तर फिलिपिन्सच्या अल्फ्रेडो अल्काला यांच्या कामात आहे.

आधी छपाईचं बघू. चित्रकथा ज्या पद्धतीने छापल्या जात, त्यात पेन्सिलीचा करडेपणा उमटत नसे. छपाईला काळं कळायचं आणि पांढरं कळायचं, मधलं काहीच नाही. म्हणजे संध्याकाळचा उजेड, ओली दगडी भिंत, घोड्याच्या मानेवरचा घाम, सगळं काळ्या रेघांनीच उभं करायचं. रेघ कुठे जाड, कुठे केसाएवढी, कुठे एकीला छेदून दुसरी, हे इंकर, म्हणजे शाई फिरवणारा, ठरवतो. बंदिश तीच असली तरी गाणारा बदलला की राग वेगळा उलगडतो, तसंच हे.

अल्काला 1925 साली नेग्रोस बेटावरच्या तालिसायमध्ये जन्मले. शाळा अर्धवट सोडून त्यांनी पाट्या रंगवल्या. लोखंडकामाच्या कारखान्यात झुंबरं, दिवे, अगदी चर्चमधल्या व्यासपीठाचेही आराखडे काढले. महायुद्धात जपानी ठाणी नजरेत साठवून, नंतर कागदावर उतरवून त्यांनी अमेरिकन फौजेला मदत केली, असं त्यांच्याविषयी सांगतात. 1948 मध्ये ते चित्रकथांकडे वळले. तेव्हा फिलिपिन्समध्ये कोमिक्सचं, म्हणजे तिथल्या चित्रकथांचं, वेड घरोघरी होतं. गाजलेल्या मालिकांवर सिनेमे निघायचे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तिथली कामाची रीत. पेन्सिल एकाची आणि शाई दुसऱ्याची, ही वाटणी अमेरिकन कारखानदारीतली. मनिलात चित्रकार सहसा पान अथपासून इतिपर्यंत स्वतः काढायचा. अल्काला तर मदतनीसही ठेवत नसत. सारखं दौतीत बुडवायला वेळ जातो म्हणून त्यांनी आत शाई भरता येईल असा ब्रश स्वतः तयार केला होता. एवढा वेग असूनही त्यांच्या पानांवर घाई दिसत नाही, जुन्या कोरीव छापचित्रासारखी ती शांत असतात. ब्रिटिश चित्रकार फ्रँक ब्रँगविन त्यांना फार प्रिय. त्याच्या चित्रांतली गच्च भरलेली, वजनदार माणसं अल्कालांच्या पानांत पुन्हा भेटतात.

1963 मध्ये त्यांनी ‘वोल्टार’ हा रानटी योद्धा उभा केला. अमेरिकेत मार्व्हल या चित्रकथा प्रकाशनाचा कोनन, तोही असाच रानटी योद्धा, 1970 मध्ये आला, त्याच्या सात वर्षं आधी! पुढे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला टोनी डिझुनिगा या फिलिपिनो चित्रकारामुळे डीसी कॉमिक्सच्या संपादकांनी मनिला गाठलं, आणि तिथली पानं न्यूयॉर्कला जाऊ लागली. नेस्टर रेडोंडो, अ‍ॅलेक्स निन्यो, अल्काला अशी पिढीच्या पिढी पुढे आली. त्यांना मोबदला मात्र अमेरिकन चित्रकारांपेक्षा कमी मिळे, आणि ही गोष्ट मला आजही सलते.

आता कोनन. मार्व्हलच्या ‘सॅव्हेज स्वोर्ड ऑफ कोनन’ या कृष्णधवल मासिकात जॉन बुसेमा यांच्या पेन्सिलीवर अल्कालांची शाई आहे. बुसेमा पुष्कळदा फक्त रचना आखून देत. कोण कुठे उभा, कोणाचा हात कुठे, एवढंच. ओसाड देवळातला काळोख, चिलखताची कडी न् कडी, वेलींचा गुंता अल्कालांनी भरला. बुसेमांना ते आवडलं नाही. माझं चित्र यात हरवलं, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खरीही आहे. त्यांच्या आकृत्यांतली चपळाई त्या दाट रेघांखाली थोडी दबते. पण जो माणूस नुसता गिरवतो, त्याच्यामुळे दुसऱ्याचं चित्र हरवेल कसं? बुसेमांची ही नाराजीच माझ्या बाजूचा भक्कम पुरावा आहे. अर्ध्या कामावर बसवलेला पूर्ण चित्रकार पूर्णच काम करत राहिला. मला स्वतःला ही पानं त्या मासिकातली सर्वोत्तम वाटतात.

याच हाताने दुसरीकडे पूर्ण वेगळं वागून दाखवलं. 1980 च्या दशकात ‘स्वॅम्प थिंग’ या दलदलीतल्या प्राण्याच्या चित्रकथेत रिक व्हिच यांच्या पेन्सिलीवर अल्कालांची शाई आहे. दलदल, शेवाळ, कुजलेली पानं यांत आकृती विरून जाणं ही तिथे गोष्टीचीच गरज होती. कोननमध्ये जी दाट वीण खटकू शकते, तीच इथे कथेचा श्वास होते.

आणि दूरदर्शनवर ‘ही-मॅन’ बघत मोठ्या झालेल्यांसाठी एक गोष्ट. ती कार्टून मालिका येण्याआधी, 1982 मध्ये, खेळण्यांबरोबर छोट्या पुस्तिका मिळत. त्यांतल्या पहिल्या चार अल्कालांनी चितारल्या. त्यांत ही-मॅनचं मालिकेतलं दुसरं रूप, राजपुत्र अ‍ॅडम, नाहीच. आपली टोळी सोडून जंगलातून निघालेला एक रानटी योद्धा आहे, थेट वोल्टारच्या कुळातला. अल्काला 2000 साली कॅलिफोर्नियात वारले. कोननची ती कृष्णधवल पानं संग्रहरूपात पुन्हा छापली गेली आहेत. पहिल्यांदा बघाल तेव्हा योद्ध्याकडे नको, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघा. ती भिंत बहुतेक वेळा सगळीच्या सगळी अल्कालांची असते.