भूकंपग्रस्त : हो / नाही

सरळसेवा भरतीच्या निवड यादीत नाव आले की घरचे लोक नोकरी लागली असेच धरून चालतात. गावात सत्कार होतो, फ्लेक्स लागतो. प्रत्यक्षात ती यादी तात्पुरती असते आणि तिच्यापुढे कागदपत्र पडताळणी उभी असते. मी आस्थापना शाखेत आहे, पडताळणीच्या टेबलावर अनेकदा बसले आहे. तिथे मुले रडतात ती अभ्यास कमी पडला म्हणून नाही. अर्जात भरलेली माहिती आणि हातातला कागद यांचा मेळ बसत नाही, म्हणून रडतात.

त्या दिवशी सकाळपासून नेहमीची प्रकरणे येत होती. एकीचे पदवीपर्यंतचे सगळे कागद माहेरच्या नावाचे आणि अर्ज सासरच्या नावाने. पण तिने विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि राजपत्र दोन्ही आणले होते, लगेच मोकळी झाली. एकाचे नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर काढलेले निघाले. आधीचे काही आहे का म्हणून विचारले, तर कॉलेजात स्कॉलरशिपसाठी काढले होते म्हणाला. शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, महाडीबीटीच्या खात्यात, ते अपलोड केलेले होते, त्याने मोबाइलवर तिथेच उघडून दाखवले. मुदत अर्जाची शेवटची तारीख ओलांडून पुढच्या 31 मार्चपर्यंत होती. मूळ प्रत घेऊन या म्हटल्यावर तो अक्षरशः पळत गेला. अशी सुटका झाली की टेबलाच्या या बाजूलाही बरे वाटते.

जेवणाच्या सुट्टीआधी लातूर जिल्ह्यातला एक मुलगा समोर येऊन बसला. फाइल इतकी नीट की बघत राहावे. प्रत्येक कागद वेगळ्या प्लास्टिकच्या कप्प्यात, वर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी : दहावी, बारावी, पदवी, अधिवास, एमएस-सीआयटी, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र. झेरॉक्सच्या प्रत्येक पानावर स्वसाक्षांकनाची सही. मी तपासणी सूचीत एकेक खूण करत खाली आले आणि समांतर आरक्षणाच्या, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत महिला, खेळाडू, भूकंपग्रस्त अशांसाठी राखलेल्या जागांच्या, ओळीवर थांबले. तिथे छापलेले होते : भूकंपग्रस्त.

"भूकंपग्रस्त प्रमाणपत्र द्या."

त्याने अधिवास प्रमाणपत्राचा कप्पा पुन्हा माझ्याकडे सरकवला. "हे आहे ना मॅडम. लातूर जिल्हा."

समांतर आरक्षणात भूकंपग्रस्तांसाठी 2 टक्के जागा असतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे 10 हजार माणसे गेली, गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या कुटुंबांसाठी ही सवलत आहे. ती जिल्ह्याच्या नावावर मिळत नाही. त्यासाठी संबंधित कुटुंबाला जिल्हाधिकारी कार्यालयाकडून मिळालेले प्रमाणपत्र लागते आणि ते अर्जाच्या शेवटच्या तारखेला हातात असावे लागते.

हे मी सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उतरला, पण त्याला अजून पुरते कळले नव्हते. अर्ज नेटकॅफेत भरला होता. कॅफेवाला एकेक रकाना वाचत होता आणि हा उत्तरे देत होता. भूकंपग्रस्त आहात का, हा प्रश्न आला तेव्हा कॅफेवाल्यानेच विचारले, लातूर ना? मग हो टाकतो. शेवटी पूर्ण अर्ज स्क्रीनवर दिसतो, खाली प्रतिज्ञापत्र असते. मागे रांग होती, सर्व्हर अडकत होता. त्याने फोटो, सही आणि नावाचे स्पेलिंग तेवढे तपासले आणि पैसे भरले.

या मुलाला फसवायचे नव्हते, हे मी खात्रीने सांगते. खोटे प्रमाणपत्र घेऊन येणारे मी पाहिले आहेत. त्यांची नजर कागदावर नसते, आपल्यावर असते. हा कागदाकडेच बघत होता.

वडील बाहेर व्हरांड्यात होते. समितीच्या अध्यक्षांची परवानगी घेऊन त्यांना आत बोलावले. प्रमाणपत्र म्हटल्यावर ते त्या रात्रीबद्दलच सांगू लागले. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे जमीन हलली तेव्हा ते स्वतः शाळकरी होते. माळवदाचे घर, मागची भिंत आत कोसळली, आजी तिथून नुकतीच उठून बाहेर आली होती म्हणून वाचली. पुढे कित्येक महिने कुणी छताखाली झोपले नाही, शेतातच राहिले. "पत्रे मिळाले हुते आम्हाला सरकारकडून," ते म्हणाले. "नोंद असंलच की कुठंतरी."

नोंद असू शकते, हे मलाही वाटले. अध्यक्षांनी संध्याकाळपर्यंत वेळ दिला. मी त्या जिल्ह्याच्या पुनर्वसन शाखेला फोन लावला, गावाचे आणि आजोबांचे नाव सांगितले. तिथल्या कर्मचाऱ्याने टाळले नाही, रजिस्टर बघून कळवतो म्हणाला. वडिलांनी घरी फोन करून जुनी पेटी उघडायला लावली. मुलगा हललाही नाही, डबा तसाच पिशवीत राहिला.

साडेचारच्या सुमारास फोन आला. घरदुरुस्तीच्या मदतीच्या यादीत आजोबांचे नाव सापडले होते. पण त्या कुटुंबाला भूकंपग्रस्त प्रमाणपत्र कधी दिलेले नव्हते. घरच्या पेटीतही सातबारा आणि रेशनकार्डाखेरीज काही निघाले नाही.

एकच वाट उरली होती. समांतर आरक्षणाचा दावा टिकला नाही तर उमेदवाराचा त्याच्या प्रवर्गात सर्वसाधारण गुणवत्तेवर विचार होतो. मी यादी काढली. त्याच्या प्रवर्गातली सर्वसाधारण निवड जिथे थांबली होती तिथून तो 14 गुणांनी खाली होता. म्हणजे यादीत त्याचे नाव त्या एका खुणेमुळेच आले होते. 'नाही' भरले असते तर गावात सत्कार झाला नसता, फ्लेक्स लागला नसता, आणि आज हे बाप-लेक इतक्या लांबून आले नसते.

वडिलांनी विचारले, "मग मॅडम, आमची भिंत पडली ती कशात धरायची?"

मी नियम सांगितला. दुसरे काही माझ्याकडे नव्हते. त्यांचे नुकसान खोटे नव्हते, पण ही जागा ज्याचे अख्खे गाव गेले त्याच्यासाठी राखलेली होती, आणि तसा कुणीतरी प्रतीक्षा यादीत खाली वाट बघत होता. त्या दुपारी समोर बसलेल्या मुलासाठी जीव तुटत होता हे खरे. तरी जो समोर नाही त्याचा हक्क या टेबलावर आम्हीच सांभाळायचा असतो, यावर माझा ठाम विश्वास आहे.

शेरा लिहिताना मी शब्द जपून वापरले. 'खोटी माहिती' असे लिहिले असते तर पुढच्या भरत्यांतही त्याला त्रास झाला असता. 'समांतर आरक्षणाचे प्रमाणपत्र सादर केले नाही. दावा अमान्य' एवढेच लिहिले, अध्यक्षांनी सही केली. मुलाने लेखी कारणाची प्रत मागितली, ती दिली. त्याची बाकीची कागदपत्रे चोख होती आणि वयही हातात होते. राज्यात खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. पुढचा अर्ज कुणाकडूनही टाइप करून घे, पण सबमिट करण्याआधी प्रत्येक ओळ स्वतः वाच, असे मी त्याला सांगितले. त्याने मान हलवली.

पडताळणीच्या अहवालात मी एक मुद्दा घालायला लावला : समांतर आरक्षणात 'हो' निवडले की प्रमाणपत्राचा क्रमांक, दिनांक आणि ते देणारे कार्यालय भरल्याशिवाय अर्ज पुढे जाऊ नये. पाच-सहा महिने रात्रंदिवस अभ्यास केलेल्या मुलाला निवड झाल्यावर हे कळण्यापेक्षा अर्जाच्या स्क्रीनवर कळलेले कितीतरी बरे. अध्यक्षांनी तो मुद्दा तसाच वर पाठवला.

प्रतीक्षा यादीतल्या मुलीला पत्र गेले. ती आईला घेऊन आली, पुनर्वसित गावची होती, प्रमाणपत्र जुने आणि घड्यांवर झिजलेले. संबंधित कार्यालयाकडून ते तपासून घेतले, क्रमांक जुळला, आणि तिच्या नेमणुकीची नस्ती मी त्याच आठवड्यात सादर केली.