शेवट सांगायचा नाही हं

रविवार, रात्रीचे पावणेअकरा

सकाळपासून नुसता धो धो. गंगेला (म्हणजे आमच्या नाशकातल्या गोदावरीला) पाणी चढलंय आणि दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला यावर सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर फोटो आणि वाद (निम्मे फोटो मागच्या वर्षीचे, पैज लावते), त्यामुळे बाहेर जायचा प्रश्नच नव्हता. अशा दिवशीच आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना वाचायची आठवण येते. बेल वाजते, दारात कोणीतरी उभं, "काहीतरी दे ना गं वाचायला, मस्त सस्पेन्सवालं."

आता हे मस्त सस्पेन्सवालं म्हणजे नक्की काय हे विचारायला मी फार उशिरा शिकले. आधी मी उत्साहाच्या भरात अर्धं पुस्तक तोंडीच सांगून टाकायचे. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला पुस्तक देताना म्हटलं, "बाकी काही सांगत नाही, फक्त त्या शेजारणीकडे लक्ष ठेव." झालं. तिसऱ्या दिवशी पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं आणि आठवडाभर डबा वेगळा खाल्ला तिने. बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून मी "ट्विस्ट आहे" एवढंसुद्धा बोलत नाही, कारण ट्विस्ट आहे म्हटलं की माणूस पहिल्या पानापासून पोलीस होतो, मग त्याला गोष्ट दिसत नाही, फक्त संशयित दिसतात. आता मी उलटं विचारते, की शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट टाकलंत आणि का? त्यावरून बरोबर कळतं.

म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. त्यांची तक्रार अशी की मला खुनी आधीच कळतो, मग मजा जाते. त्यांना केइगो हिगाशिनोची ती सस्पेक्ट एक्सवाली कादंबरी दिली. मूळ जपानी, २००५ ची, माझ्याकडे इंग्लिश आहे. त्यात सुरुवातीलाच खून होतो, कोणी केला ते तुमच्यासमोरच होतं, घ्या, आता कळायचं काय राहिलं? वहिनी दोन दिवसांनी जिन्यात भेटल्या, डोळे सुजलेले, म्हणाल्या रात्री तीनला संपवली आणि तुला उठवायला येणार होते. यापुढे मी एक अक्षर बोलणार नाही.

पण आमच्या बिल्डिंगमधले खरे रहस्यवाले म्हणजे तळमजल्यावरचे काका. चाळीस वर्षं मेडिकल स्टोअर चालवलं, आता दुकान मुलाकडे आणि काका खिडकीत. काकांना खून चालतो, विष चुकलेलं चालत नाही. टीव्हीवर कोणी दुधात काही मिसळलं आणि माणूस दोन मिनिटांत आडवा झाला की काका टीव्हीला शिव्या घालतात. त्यांना मी अगाथा ख्रिस्ती लावली. ती बाई पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषधखात्यात काम करायची, विषं तिथेच शिकली, आणि १९२० मध्ये तिची पहिली कादंबरी आली तेव्हा औषधवाल्यांच्या एका मासिकाने तिचं कौतुक केलं होतं. हे सांगितल्यावर काकांची कळी अशी खुलली की जणू त्यांच्याच भाचीचं कौतुक झालंय. एकूण सहासष्ट रहस्यकादंबऱ्या आहेत म्हटल्यावर म्हणाले, "मग मी काही इतक्यात जात नाही."

त्याच्या बदल्यात काकांनी मला त्यांचे बाबुराव अर्नाळकर दिले, जुन्या रहस्यकथा, प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबरगोळीच्या वासाचे. झुंजार, काळा पहाड, सगळी मंडळी. हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या त्या माणसाने, आपण आयुष्यात तेवढे ईमेल नीट लिहीत नाही. खरं सांगायचं तर आज वाचताना कोडं म्हणून काही फार अवघड वाटत नाही, पण वेग बघा, एका परिच्छेदात तीन दारं उघडतात. पंचाईत एकच, काकांच्या दोन पुस्तकांची शेवटची पानंच नाहीत. कुठल्याशा जुन्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आलेली, कोणीतरी फाडलेली. काका म्हणतात त्यांनी त्या दोन्हींचे शेवट स्वतःच ठरवलेत. आणि हो, सुहास शिरवळकर म्हटलं की लोक दुनियादारीवर थांबतात, त्यांच्या रहस्यकथांतला फिरोज इराणी वाचा ना, दारा बुलंद वाचा! सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये विचारा, १८४० पासूनचं वाचनालय आहे ते, नाशकात राहून तिथलं कार्ड नसणं म्हणजे... जाऊ दे, माझं स्वतःचं तीन वर्षं बंद होतं.

दुपारी काकांचा मोठा नातू आला, पाचवीतला. त्याला फेलूदा दिला, बंगालीतला गुप्तहेर, अशोक जैनांनी केलेला मराठी. सत्यजित राय यांनी हे मुळात मुलांच्या मासिकासाठी लिहिलं, घरचंच मासिक, आजोबांनी काढलेलं, आणि चित्रंही स्वतःच काढली. पहिली गोष्ट १९६५ ची. मला त्यातलं आवडतं ते हे की पोरगं आहे म्हणून गोष्ट पातळ केलेली नाही.

आता भाचीबाई. साडेचार वर्षं, सुट्टीला माझ्याकडे मुक्काम. लहान मुलांची चित्रपुस्तकं सुचवायला मला खूप आवडतं पण आयांचा एक प्रश्न डोक्यात जातो, "यातून काय शिकायला मिळेल?" अहो काही नाही! तुम्ही वडापाव खाताना काय शिकता? माधुरी पुरंदरेंची पुस्तकं आणा, राधाचं घर, बाबांच्या मिश्या, लिहिणारी बाई आणि चित्रं काढणारी बाई एकच, त्यामुळे चित्रातली माणसं आपल्या घरात बसतात तशी बसलेली असतात. भाचीला ते भुकेल्या सुरवंटाचंही आवडतं, १९६९ चं, पानांना खरीखुरी भोकं असलेलं. पंचिंग मशीनने कागदाला भोकं पाडता पाडता एरिक कार्लला ते सुचलं म्हणे. आमच्या ऑफिसात रोज शंभर भोकं पडतात, कोणाला काही सुचलं नाही.

पण आजची गोष्ट कोंबडीची. ते किलोच्या भावाने पुस्तकांचं प्रदर्शन लागतं ना, तिथून उचललेलं एक पातळ पुस्तक, पॅट हचिन्स बाईंचं 'रोझीज वॉक', १९६८ चं. इंग्लिशमध्ये सगळे मिळून बत्तीस शब्द. जिथे शब्द आहेत तिथे मी मराठीची चिठ्ठी चिकटवली. कोंबडी फिरायला निघाली. अंगणातून. तळ्याला वळसा घालून. मी आपली चिठ्ठी वाचते आणि पान उलटते, चिठ्ठी वाचते आणि पान उलटते, एवढी वर्षं रहस्यकथा वाचलेली मी. तिसऱ्या चिठ्ठीला भाचीने माझा हात धरला. "मावशी थांब. तिच्या मागे कोल्हा आहे." मी म्हटलं, हो गं. "मग तू सांगत का नाहीस तिला?" आणि पुस्तकाला तोंड लावून एकदम ओरडली, "ए कोंबडे, मागे बघ!!" आमची आई स्वयंपाकघरातून धावत आली, तिला वाटलं पाल.

मग पहिल्यापासून प्रत्येक पान तिने पाच-पाच मिनिटं धरून ठेवलं. बोट ठेवून. हा दांडा बघ, आता तो यावर पाय देणार. ही दोरी बघ, कोंबडीच्या पायात अडकलीय. मी आधी दोनदा वाचलं होतं हे, ती दोरी मला दिसली नव्हती. सगळा पुरावा उघड्यावर ठेवलेला आणि मी अक्षरं वाचत बसलेले! ख्रिस्तीबाईंच्या पोयरो डिटेक्टिव्हसाहेबांनी मला घराबाहेर काढलं असतं. कोंबडीचं पुढे काय झालं ते अर्थातच सांगणार नाही.

संध्याकाळी काकांच्या धाकट्या नातवासाठी ते पुस्तक खाली पाठवलं. साडेनऊला काकांचा फोन, आवाज अगदी हळू, दुकानात कोणी उधारी मागायला आल्यावर बोलायचे तसा.

"काय गं, एक विचारू का, रागावू नकोस."

"विचारा ना काका."

"तू हे मराठी करताना कोल्हा गाळलास का? मी दोनदा वाचलं. एक पानही गहाळ नाही, मोजली मी. पण कोल्ह्याबद्दल एक ओळ नाही कुठे."

म्हटलं काका, मुळातच नाहीये. त्या बत्तीस शब्दांत कोल्हा हा शब्दच नाही.

पलीकडे पावसाचा आवाज आणि नातवाचं काहीतरी चाललेलं. मग काका म्हणाले, "थांब, ठेव फोन. चष्मा बदलून परत बघतो."